गिऱ्ह्याचा केस

कोकणातल्या भुतांमध्येही मानपान आहे. वेताळ हा त्यांचा राजा. मुंज झाल्यावर आणि लग्नाआधी मेलेला बटू मुंजा होऊन पिंपळावर राहतो, वासना अपुरी राहिलेला विद्वान ब्राह्मण ब्रह्मसमंध होतो, बाळंतपणात दगावलेली बाई हडळ होते आणि चकवा रानात वाट चुकवतो. माणसांनी जन्मभर पाळलेला दर्जाचा हिशेब मेल्यानंतरही मिटत नाही, हे या यादीवरून ध्यानात येते. यादीच्या अगदी तळाशी, नदीच्या डोहात, गिऱ्हा राहतो. बुडून मेलेल्या माणसाचा तो होतो. त्याचे देऊळ मी कोठे पाहिले नाही आणि त्याला कोणी नवस बोलल्याचे ऐकले नाही. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री घाट उतरून पोलादपूरला येते, पुढे महाडजवळ काळ आणि गांधारी तिला मिळतात आणि बाणकोटच्या खाडीतून ती समुद्रात जाते. तिच्या वरच्या अंगाला, पोलादपूरकडे, माझे बालपण गेले. त्या काठावरच्या आम्हां मुलांना सर्वांत जवळचे भूत हेच होते.

या गिऱ्ह्याची छापील नोंदही आहे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार आणि लोकसमजुतींचे संग्राहक होते. मुंबई इलाख्यातल्या गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून त्यांनी देवदेवस्की, भुतेखेते आणि व्रतवैकल्ये यांची माहिती मागवली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे त्यांच्या कागदपत्रांच्या आधारे आर. ई. एन्थोवेन यांनी लोकविद्येची टिपणे प्रसिद्ध केली. त्यांतला कोकणाचा भाग १९१५ सालचा आहे आणि त्यात तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या शाळामास्तरांची उत्तरे आहेत. गिऱ्ह्याविषयी तिथे सांगितले आहे ते थोडक्यात असे : तो पाण्यात राहतो. रात्री नदी ओलांडणाऱ्याला नावाने हाक मारून खोल पाण्याकडे नेतो. भित्र्याला छळतो, धीटाला भितो. त्याच्या डोक्याचा केस ज्याच्या हाती लागेल त्याचा तो गुलाम होतो आणि मागेल ते आणून देतो. केस परत मिळावा म्हणून तो विनवण्या करतो, पण केस देऊ नये. दिल्यास त्या माणसावर संकटे कोसळतात.

शाळामास्तरांनी कलेक्टरसाहेबांना कळवलेली ही माहिती आमच्या आजीला लिहितावाचता येत नसतानाही ठाऊक होती. तिच्याजवळ मात्र ती गोष्टीच्या रूपाने होती. एका माणसाला डोहाकाठी गिऱ्ह्याचा केस सापडतो. तो केस तो मोहरीच्या डब्यात लपवतो. त्या दिवसापासून गिऱ्हा त्याच्या घरी राबू लागतो : पाणी भरतो, लाकडे फोडतो, रोज पहाटे मागच्या दारी मासळीची टोपली आणून ठेवतो. घरात पाऊल टाकायची त्याला मुभा नसते. रात्री पडवीबाहेर उभा राहून तो एवढेच म्हणतो, “माझा केस दे.” आतून उत्तर येते, “उद्या.” पुढे त्या घरात नवी सून येते. फोडणी घालताना डब्यात तिला हातभर लांब केस सापडतो. तिला गिऱ्ह्याची गोष्ट कोणी सांगितलेली नसते, त्यामुळे ती भुताला भीत नाही. तिच्या मनात नवऱ्याबद्दल वेगळाच संशय येतो. ती रागाने तो केस मागच्या दारातून भिरकावते. गिऱ्हा तो झेलतो, हसतो आणि निघून जातो. त्याच रात्री घरातल्या सगळ्यांनी वर्षभर खाल्लेले मासे त्यांच्या पोटात जिवंत होऊन वळवळू लागतात.

इथे आजी थांबत असे. आम्ही मुले पोट धरून हसत असू, आणि हसता हसता आपापल्या पोटाला हात लावून पाहत असू. त्या संध्याकाळी ताटात मासे असले तर आमच्यापैकी एखादा तरी जेवत नसे. भय आणि हसू एकाच घासात वाढण्याची ही हातोटी आजीकडे होती. पुढे मराठीचा अभ्यास करताना हास्य, भयानक आणि बीभत्स अशी रसांची नावे कळली. परंतु हे तिन्ही रस एका मोहरीच्या डब्यात मावतात, ही शिकवण त्याआधीची.

एकदा मी आजीला विचारले, “त्या माणसाने आपणहून केस परत दिला असता आणि मित्र म्हणून राहा म्हटले असते, तर?” आजीने क्षणभर माझ्याकडे पाहिले. “मग मासे कोण आणील, पोरी?” ती म्हणाली. त्या वेळी हे उत्तर मला विनोदी वाटले होते. आजही वाटते. पण राक्षसांच्या आणि भुतांच्या बालकथा वाचताना मी आता तोच प्रश्न घेऊन बसते : या गोष्टीत काम कोण करतो, आणि त्याचा केस कोणाच्या डब्यात आहे?

राक्षसी प्राण्याशी मैत्री हा विषय आपल्याकडे नवा नाही. पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रात, ‘लब्धप्रणाशा’त, रक्तमुख नावाचा वानर आणि करालमुख नावाचा मकर यांची कथा आहे. जांभळाच्या झाडावरचा वानर मकराला जांभळे देतो, गप्पा होतात, स्नेह जमतो. मकराच्या बायकोला मात्र गोड जांभळे खाणाऱ्या वानराचे काळीज हवे असते. मकर मित्राला पाठीवर घेऊन निघतो आणि भर पाण्यात खरे काय ते सांगून टाकतो. काळीज झाडावरच राहिले आहे, असे सांगून वानर आपला जीव वाचवतो. काळीज ढोलीत ठेवून फिरणारा वानर आणि ते खरे मानणारा मकर, या दोघांना मुले शतकानुशतके हसत आली आहेत. पण कथेचा शेवट कोरडा आहे : असल्याची मैत्री धरू नये. पंचतंत्र राजपुत्रांना शहाणे करण्यासाठी रचले गेले, तेव्हा त्यातली मैत्री ही राजकारणातल्या तहासारखी असणे स्वाभाविक आहे. मुलांना तेवढे पुरत नाही. पुढे सायंकाळी जांभळाखालची ती जागा रिकामी पाहून त्या दोघांना काय वाटले असेल, हे विचारणारे एखादे मूल प्रत्येक वर्गात असतेच.

आमच्या भागात ही कथा सांगताना मगरीचे चित्र फळ्यावर काढावे लागत नाही. महाडजवळ सावित्रीच्या पात्रात मगरींची वस्ती आहे आणि हिवाळ्यात शहराला लागूनच त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. पुलावरून जाणारी माणसे थांबून पाहतात, लहान मुलाला खांद्यावर घेऊन दाखवतात आणि पुढे बाजाराला जातात. मगरीला संस्कृतात ग्राह असाही शब्द आहे. गजेंद्राचा पाय धरणारा तो हाच. आमचा गिऱ्हा याच ग्राहाच्या गोतातला असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे. डोहात काहीतरी आहे, ते कधी कधी माणूस नेते आणि तरीही पाण्याला जावेच लागते, या अनुभवातूनच नदीकाठच्या भुताचा जन्म होत असणार.

मुलांसाठी लिहिलेल्या साहित्यात मात्र विसाव्या शतकात भुताराक्षसांचे स्थान पालटले. तोपर्यंत बागुलबुवा हे मोठ्यांच्या हातातले साधन होते : जेव, नाहीतर तो येईल, झोप, नाहीतर तो नेईल. बागुलबुवाचा केस, म्हणा ना, आईबापांच्या डब्यात होता. तो मुलांच्या हाती देण्याचे काम काही लेखकांनी केले. बंगालीत सुकुमार राय यांचा ‘आबोल ताबोल’ हा संग्रह १९२३ मध्ये आला. काळा आजाराने त्यांचा अंत झाल्यावर अवघ्या काही दिवसांनी तो प्रसिद्ध झाला. त्यात एक शिंगे असलेला विचित्र प्राणी मुलाला अतिशय आर्जवाने घरी बोलावतो, भिऊ नकोस म्हणतो, आणि बोलता बोलता आपण सारे मिळून चावू असेही सांगून टाकतो. मृत्यूच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाने मुलांसाठी असे हसू मागे ठेवले, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावी. त्यांचे वडील उपेंद्रकिशोर यांच्या कथेतली भुते दोन बेसूर मित्रांना वर देतात. त्या कथेवर सत्यजित राय यांनी १९६९ मध्ये चित्रपट काढला. अमेरिकेत मॉरिस सेंडॅक यांच्या १९६३ सालच्या चित्रपुस्तकातला रुसलेला मुलगा अक्राळविक्राळ प्राण्यांचा राजा होतो. इंग्लंडमध्ये रोआल्ड डाल यांनी १९८२ मध्ये एका अनाथ मुलीची आणि मुलांना न खाणाऱ्या राक्षसाची मैत्री रंगवली. त्या राक्षसाचे शेजारी मात्र रोज रात्री माणसे खायला बाहेर पडतात. मैत्रीच्या भोवती मृत्यूची कडा शिल्लक ठेवल्यामुळेच ती मैत्री खरी वाटते.

मराठीत हे काम रंगभूमीने आणि कवितेने केले. १९५९ मध्ये सुधा करमरकर यांनी लिटल थिएटरतर्फे रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणले आणि मुलांच्या नाटकात चेटकीण थाटामाटाने अवतरली. मतकरींनी पुढे ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ अशी नाटके लिहिली. मोठ्यांना रात्री दिवा मालवू न देणाऱ्या गूढकथा लिहिणारी लेखणी आणि मुलांना खदखदून हसवणारी चेटकीण रचणारी लेखणी एकच होती, ही नुसती योगायोगाची बाब नाही. भीती कोठून येते हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच ती किती द्यायची हेही कळते. ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकर यांनी आणि २०१८ मध्ये वैभव मांगले यांनी उभी केली. पुरुष नटाने वठवलेली ही दुष्ट म्हातारी मुलांना नाटकातल्या भल्या माणसांपेक्षा अधिक आवडते, हे नाट्यगृहात बसलेल्या कोणत्याही पालकाला दिसून येते.

विंदा करंदीकर हे तर कोकणातलेच. ‘राणीची बाग’ या १९६१ च्या संग्रहापासून त्यांनी मुलांसाठी सातत्याने लिहिले. त्यांच्या एका संग्रहाचे नावच ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ असे आहे. विद्यार्थी मित्रहो, या नावातला ‘तिची’ हा शब्द नजरेआड करू नका. ‘पिशीमावशी आणि भुतावळ’ असे नाव असते तर एका बाजूला मावशी आणि दुसऱ्या बाजूला भुते, असे दोन पक्ष झाले असते. ‘तिची’ म्हटल्याबरोबर भुतावळ घरातली होते. तिची भांडी, तिची मांजरे, तशी तिची भुते. एका सर्वनामाने भयाचे नाते बदलून टाकले आहे. बालसाहित्याची भाषा सोपी असते, म्हणून तिचे बारकाईने वाचन करण्याची गरज नाही, असा समज असेल तर तो इथे दूर व्हावा.

एवढे झाल्यावरही आजीचे उत्तर मनातून जात नाही. मासे कोण आणील? गिऱ्हा पाणी भरतो, लाकडे फोडतो, अन्न आणून देतो, दाराबाहेर उभा राहतो आणि त्याला आत येण्याची मुभा नाही. महाडच्या परिसरात वाढलेल्या माणसाला हे वर्णन केवळ भुताचे वाटू शकत नाही. गावकीची सारी कामे ज्यांनी करायची आणि गावाच्या पाण्याला मात्र हात लावायचा नाही, असे हाडामांसाचे लोक इथे पिढ्यान्पिढ्या राहत होते.

मी महाड तालुक्यात बरीच वर्षे प्राथमिक शिक्षिका होते. दरवर्षी मुलांना घेऊन चवदार तळ्यावर जात असे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला होता. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. अफवेने माथी भडकली आणि परिषदेहून परतणाऱ्या, जेवायला बसलेल्या लोकांवर हल्ले झाले. पुढे तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले : तळ्यात १०८ घागरींनी पंचगव्य मिसळलेले पाणी ओतले गेले.

हे सर्व ऐकून पाचवीतल्या एका मुलाने मला विचारले, “बाई, त्या पाण्यात गिऱ्हा होता का?” मी नाही म्हटले. त्याने बराच वेळ तळ्याकडे पाहिले. मग दुसऱ्या एका मुलीने विचारले, “पंचगव्य म्हणजे शेणसुद्धा ना?” हो, म्हटले. “मग ते पाणी नंतर कोण प्यायलं?” अख्खा वर्ग खो खो हसला. मला त्या हसण्याला आवर घालावासा वाटला नाही. शेजारच्या माणसाचा हात लागला म्हणून बाटलेले पाणी शेण आणि गोमूत्र घालून शुद्ध करणाऱ्या मोठ्या माणसांची ही गोष्ट कोणत्याही राक्षसकथेपेक्षा अधिक भयंकर आणि अधिक हास्यास्पद आहे, हे त्या मुलांना कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. त्यांना आजीच्या गोष्टींचा सराव होता.

याच घटनेला दुसरीही बाजू आहे, तीही मी मुलांना सांगत असे. तळे खुले करण्याच्या कामी महाडचे नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे सत्याग्रहींच्या बाजूने उभे राहिले. अनंत विनायक चित्रे सोबत होते. डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण कार्यकर्त्याने. त्या काळच्या महाडमध्ये या मैत्र्या कोणाला संभवनीय वाटल्या नसत्या. तळ्याचा दावा पुढे दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने निकाली काढला. गोष्टीच्या भाषेत बोलायचे तर केस परत मिळायला दहा वर्षे लागली, आणि परत दिल्यावर कोणाच्या घरावर संकट कोसळले नाही.

संकटे आली ती वेगळ्याच वाटेने. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी बस व इतर वाहने गेली. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही डोंगर खाली आला. अशा वेळी पाण्यातल्या भुताच्या गोष्टी मुलांना सांगाव्यात की नाहीत, असा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला. काही पालकांनी मला विनंती केली की, बाई, आता निदान वर्षभर तरी नदीचे नाव नको. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पाऊस जोराने आला की वर्गातली काही मुले दप्तर छातीशी धरून बसत.

करोनामुळे बंद असलेल्या शाळा ऑक्टोबरात उघडल्या. मी सहावीच्या मुलांना मनातली कोणतीही गोष्ट लिहायला सांगितली. विषय दिला नाही. एका मुलीने गिऱ्ह्याची गोष्ट लिहून आणली. तिचे घर दोन दिवस पाण्यात होते, कुटुंबाने माळ्यावर बसून ते दिवस काढले होते. तिच्या गोष्टीत पुराच्या पाण्याबरोबर गिऱ्हा घरात येतो आणि पाणी ओसरल्यावर त्याला परत जाता येत नाही, कारण त्याचा डोह गाळाने भरलेला असतो. तो माळ्यावर लपतो. त्याला भूक लागते, तेव्हा तो आधी रेशनकार्ड खातो, मग गणिताचे पुस्तक, मग टीव्हीचा रिमोट. गणिताचे पुस्तक त्याला बाधते. आजीची कवळी पळवून तो ती स्वतःच्या तोंडात बसवतो आणि आजी झाडू घेऊन त्याच्यामागे लागते. पंचनामा करायला साहेब येतात, तेव्हा घरात वाद पडतो की गिऱ्ह्याची नोंद नुकसानीत करायची की मिळालेल्या मदतीत.

मग मुलीला गाळात रुतलेल्या फणीला चिकटलेला त्याचा केस सापडतो. आजी म्हणते, ठेव जपून, आता हा सगळा गाळ तोच काढील. मुलगी विचार करते. गिऱ्हा कोपऱ्यात बसून तिच्या हाताकडे पाहत असतो, पण मागत नाही. मागून मागून तो थकलेला असतो. ती केस त्याच्यापुढे धरते आणि म्हणते, “घे. जायचं तर जा.” तो केस घेतो. बराच वेळ बसून राहतो. मग उठतो, घमेले उचलतो आणि तिच्या बाजूला उभा राहून गाळ भरू लागतो. पहाटे दोघे मिळून दारापर्यंतची वाट मोकळी करतात. मग तो निघून जातो. जाताना आजीची कवळी मात्र घेऊन जातो.

ती वही मी दोनदा वाचली. त्या मुलीने विंदा वाचले नव्हते, डाल यांचे नाव ऐकलेले असण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्याजवळ तिच्या आजीची गोष्ट होती, जशी माझ्याजवळ माझ्या आजीची. आणि त्या गोष्टीचा कायदा तिने मोडला होता. केस दिला तर संकट येईल, या धमकीला तिच्या घरात अर्थ उरला नव्हता. संकट आधीच येऊन, दोन दिवस राहून गेले होते. ज्याच्याजवळ गमावण्यासारखे काही राहत नाही, तो एकतर दुसऱ्याचा केस अधिकच घट्ट धरतो किंवा सोडून देतो. पुरानंतर मी दोन्ही प्रकारची माणसे पाहिली. पूरग्रस्तांच्या नावाने आलेली चादरींची गठडी कुलूपबंद करणारे होते, आणि स्वतःचे घर गाळात असताना अनोळखी माणसाच्या दारातला चिखल उपसणारेही होते. मुलीने यांपैकी कोणाचे नाव घेतले नाही, बोधवाक्य लिहिले नाही. भूत खरे होते, भूक खरी होती, गाळ खरा होता. त्यामुळे मैत्रीही खरी वाटली.

आपल्याकडे बालसाहित्याची परीक्षा करताना ‘मुलांना यातून काय शिकायला मिळते’ हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. या गोष्टीपुढे तो प्रश्न मला विचारता आला नाही. भीतीने गप्प झालेल्या मुलांसाठी दोन सोपे मार्ग मोठ्यांना सुचतात : भीतीचा विषय टाळणे, किंवा भिण्यासारखे काही नाही असे सांगणे. पहिल्याने मूल एकटे पडते. दुसऱ्याने मोठ्यांवरचा त्याचा विश्वास उडतो, कारण पाणी माळ्याच्या फळीपर्यंत आलेले त्याने स्वतः पाहिलेले असते. काळ्या विनोदाची गोष्ट तिसरा मार्ग धरते. भय आहे हे ती मान्य करते, त्याला हातपाय, दात आणि भूक देते, आणि मग त्याच्याशी बोलणे सुरू करते. ज्याच्याशी बोलता येते त्याची भीती संपत नाही. पण ती आपल्या मापाची होते, आणि त्या भीतीसह घमेले उचलता येते.

तुमच्यापैकी अनेक जण खेड्यापाड्यांत, वाड्यावस्त्यांवर राहून हा अभ्यासक्रम पूर्ण करत आहेत. तुमच्या गावच्या भुतांची नावे कोणत्याही ग्रंथालयापेक्षा तुमच्या शेजारच्या वृद्धांना अधिक ठाऊक आहेत. ती टिपून घ्या. टिपताना ते भूत कोठे राहते आणि कोणाला दिसते एवढे विचारून थांबू नका; ते कोणाचे काम करते, त्याला घरात येऊ देतात का, आणि त्याने काय मागितले असता नाही म्हणायचे असते, हेही विचारा. शंभर वर्षांपूर्वीच्या शाळामास्तरांनी प्रश्नावलीत होते तेवढ्याची उत्तरे दिली. तुम्हांला प्रश्नावली स्वतः तयार करता येईल.

ती गोष्ट मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. रेशनकार्डाशी मुले हसू लागली आणि कवळीपाशी तर बाकांवर हात आपटू लागली. फणीच्या जागी वर्ग शांत झाला. वाचून संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने, त्याचेही घर त्याच पुरात होते, लिहिणारीला विचारले, “पुढच्या पावसाळ्यात येईल का गं तो परत?”

“येईल की,” ती म्हणाली. “आजीची कवळी द्यायचीय त्याला.”